राणीची बाग पहिल्यांदा बघायला निघालात? मग हे वाचून निघा

राणीच्या बागेत रोज हजारो माणसं येतात आणि त्यातली निम्मीअधिक पेंग्विन बघून, वाघाच्या काचेसमोर सेल्फी काढून दीड-दोन तासांत बाहेर पडतात. मग घरी जाऊन सांगतात, "काही खास नाही हो, नुसती पायपीट." असं म्हणणाऱ्यांना ती बाग दिसलेलीच नसते. प्राणी हा इथला सगळ्यात नवा आणि, माझ्या मते, सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. आधी ही झाडांची बाग होती. तिच्या दाराशी मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम उभं आहे आणि त्याच्या आसपास अख्ख्या शहराचा टाकून दिलेला इतिहास दगडात आणि धातूत बसवून ठेवलाय. हे सगळं एका दिवसात, पाय न मोडता बघता येतं. फक्त क्रम नीट लावावा लागतो.

गावाकडून येणारे पाहुणे, मुंबईत नव्याने राहायला आलेली मंडळी, पोरांना घेऊन निघालेले आई-बाप, या सगळ्यांना मी फोनवर जे सांगत असतो तेच इथे लिहून ठेवतोय.

१. आधी नाव आणि वार पक्का करा

जागा एक, नावं पाच. अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. टॅक्सीवाल्याला "राणीबाग" म्हणा. बसच्या पाटीवर "जिजामाता उद्यान" शोधा. जुन्या पिढीतले आजोबा "व्हिक्टोरिया गार्डन" म्हणतील आणि कॉलेजची पोरं "भायखळा झू". हे सगळं एकच आहे. फोनच्या नकाशात मात्र नुसतं "जिजामाता उद्यान" टाकू नका, त्या नावाच्या बागा राज्यात इतरत्रही आहेत. सोबत "भायखळा" टाका.

आता वार. बुधवारी बाग बंद असते. म्युझियमही बुधवारीच बंद. मुंबईत बहुतेक ठिकाणांची सुट्टी सोमवारी असते, म्हणून लोक सोमवार टाळतात, बुधवार धरतात आणि कुलूप बघून परत जातात. यातही एक मेख आहे. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, बंद ठेवतात. सणासुदीच्या आठवड्यात कॅलेंडर बघूनच ठरवा. म्युझियमला हा हिशोब लागू होईलच असं नाही. काही सार्वजनिक सुट्ट्यांना ते बंद असतं आणि जुनी इमारत असल्याने डागडुजीसाठीही मधूनमधून बंद ठेवावं लागतं. त्यामुळे म्युझियमचं त्यांच्या संकेतस्थळावर वेगळं तपासा.

कोणता वार चांगला? मंगळवार, गुरुवार, शुक्रवार. रविवार टाळता आला तर टाळा. नाताळ ते एक जानेवारी आणि मे महिन्याची सुट्टी तर अजिबात नको. १ जानेवारी २०२३ ला इथे एका दिवसात तीस हजारांवर माणसं आली होती. अशा दिवशी तिकिटाची खिडकी ठरलेल्या वेळेआधीच बंद होऊ शकते आणि तुम्ही कल्याणहून पोरं घेऊन आलेले असता.

महिन्याचं म्हणाल तर डिसेंबर ते मार्च. हवा बरी असते आणि फेब्रुवारीपासून झाडं फुलायला लागतात. जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुमारास महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन इथेच भरतं. ते बघायचं असेल तर खास त्यासाठी या. त्या गर्दीत बाग बघायची आशा धरू नका.

२. बरोबर काय घ्यायचं

- चालायचे बूट किंवा पट्ट्याच्या चपला. बाग पन्नास एकरांहून मोठी आहे.
- पाण्याची स्टीलची किंवा भरून घेता येईल अशी जाड बाटली.
- डोक्याला टोपी, आणि पावसाळ्यात छत्रीऐवजी रेनकोट. छत्र्यांच्या गर्दीत काचेपलीकडचं काही दिसत नाही.
- डास पळवायचं मलम. झाडी दाट आहे, आणि पावसाळ्यात डास फुकट जेवतात.
- मुलांच्या वयाचा पुरावा, म्हणजे शाळेचं ओळखपत्र किंवा आधार. बहुतेक वेळा कोणी मागत नाही, पण बारा वर्षांचा मुलगा पंधराचा दिसत असेल तर वाद टळतो.
- दिव्यांग व्यक्ती सोबत असेल तर प्रमाणपत्र.
- शाळेची सहल असेल तर मुख्याध्यापकांच्या सहीचं, शाळेच्या शिक्क्याचं पत्र. सहलीचं आधी कळवून ठेवलेलं बरं.
- थोडे सुटे पैसे.

काय घ्यायचं नाही, तर प्लास्टिकच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, चेंडू, बॅडमिंटन. सहलीला येतो तसं चटई-डबे घेऊन येणारे अजूनही दिसतात. गवतावर ऐसपैस बसून जेवायची ही जागा राहिलेली नाही.

३. पोचायचं कसं

सरळ उत्तर लोकलनं. मध्य रेल्वेचं भायखळा स्टेशन. बहुतेक जलद गाड्याही इथे थांबतात, त्यामुळे ठाण्या-कल्याणहून येणाऱ्यांनी धीम्या गाडीत ताटकळायची गरज नाही. पश्चिम रेल्वेवाल्यांनी दादरला उतरून पूल ओलांडावा आणि मध्य रेल्वेची सीएसएमटीकडे जाणारी गाडी धरावी. हार्बरवरून येत असाल तर सँडहर्स्ट रोडला बदलून एक स्टेशन मागे या.

भायखळ्याला उतरल्यावर घाईने बाहेर पळू नका. हे स्टेशनच बघण्यासारखं आहे. दगडी इमारत १८५७ ची, देशातल्या सगळ्यात जुन्या, अजून वापरात असलेल्या स्टेशनांपैकी एक. मध्यंतरी तिची चांगली दुरुस्ती झाली आणि २०२२ साली युनेस्कोचा वारसा पुरस्कारही मिळाला. दोन मिनिटं मान वर करून बघा.

मग पूर्वेला बाहेर पडा. पश्चिमेला पडलात तर उगाच पुलाखालचा वळसा पडेल. पूर्वेकडून डॉ. बाबासाहेब आंबेडकर रस्त्याला लागून परळच्या, म्हणजे उत्तरेच्या दिशेने चालत राहा. दहा-बारा मिनिटांत बागेची भिंत आणि घड्याळाचा मनोरा दिसतो. टॅक्सी केलीत तर भाडं किमान पडतं, म्हणून काही टॅक्सीवाले नाक मुरडतात. म्हातारी माणसं सोबत असतील तर करा, नाहीतर चाला.

गाडी आणण्याच्या फंदात पडू नका. सुट्टीच्या दिवशी पार्किंगसाठी जेवढा वेळ जातो तेवढ्यात पेंग्विन बघून होतात.

४. तिकीट

तिकिटं दोन जागांची, दोन वेगळी. बागेचं-प्राणिसंग्रहालयाचं एक आणि म्युझियमचं दुसरं. एकावर दुसरीकडे सोडत नाहीत.

बागेचे दर २०१७ साली ठरले. पेंग्विन आले आणि पाच रुपयांची बाग पन्नासला गेली. मोठ्यांना ५० रुपये, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना २५, आणि आई-वडील व दोन मुलं असं चौघांचं कुटुंब असेल तर सगळ्यांचे मिळून १००. हे कुटुंबाचं तिकीट मागून घ्या. रांगेच्या गडबडीत लोक सुटी तिकिटं काढतात आणि दीडशे मोजतात. पाच रुपयांची बाग महाग केली म्हणून तेव्हा बराच आरडाओरडा झाला होता. शहरातल्या कामगार वस्तीची ही हक्काची बाग असल्याने तो योग्यच होता, असं मला अजूनही वाटतं.

पेंग्विनसाठी वेगळं तिकीट नाही. बाहेर कोणी "पेंग्विनचा पास" वगैरे सांगत आलं तर पुढे चालू लागा.

तिकीट महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइनही निघतं. सुट्टीच्या दिवशी ते आदल्या रात्रीच काढून ठेवा आणि फोनमध्ये त्याचा फोटो घेऊन ठेवा, कारण गेटवर सगळे एकदमच फोन काढतात आणि नेट रडतं.

बाग सकाळी साडेनऊला उघडते आणि संध्याकाळी सहाला बंद होते. तिकीटविक्री त्याआधी बरीच थांबते, तेव्हा साडेचारनंतर पोचण्याचा बेत करूच नका. एकदा बाहेर पडलात की ते तिकीट संपलं असं धरून चाला. म्हणजे आतलं सगळं उरकूनच बाहेर या.

५. साडेनऊ ते साडेअकरा: प्राणी

प्राणी आधी, कारण दुपारी ते झोपतात. साधी गोष्ट आहे, पण लोक बाराला येतात आणि वाघ हलत नाही म्हणून काच बडवतात.

गेट उघडल्या उघडल्या सरळ पेंग्विनकडे जा. तिथली रांगच सगळ्यात लांब होते. २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले आणि मार्च २०१७ पासून ते लोकांना बघायला मिळू लागले. आता इथेच जन्मलेली पिल्लंही त्यात आहेत. हे बर्फातले पेंग्विन नव्हेत. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, थंड समुद्री प्रवाहाच्या कडेनं राहणारे. त्यामुळे आत बर्फ दिसला नाही म्हणून पोरांचा हिरमोड होऊ देऊ नका, आधीच सांगून ठेवा. त्यांच्या कक्षाचं तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास ठेवतात.

आत काय बघायचं? खडकावर उभे असलेले पेंग्विन बघण्यात सगळा वेळ घालवू नका. काचेच्या खालच्या भागाकडे, पाण्याकडे बघा. जमिनीवर जो पक्षी ढकलल्यासारखा हेलकावत चालतो, तोच पाण्यात शिरला की पंखांनी सपकन पाणी कापत जातो, वळताना अंग तिरकं करतो, आणि मागे बुडबुड्यांची बारीक रेघ राहते. चार-पाच वर्षांच्या मुलांना काचेला नाक लावून हे बघू द्या. फ्लॅश बंद ठेवा. मागून "चला, पुढे चला" सुरूच असतं, पण कडेला थोडं सरकून उभं राहिलं की रखवालदार सहसा काही म्हणत नाहीत.

तिथून वाघ, बिबट्या, अस्वल, तरस. वाघांची जोडी २०२० साली छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून आली आणि पुढे इथे बछडेही झाले. जुन्या सळयांच्या पिंजऱ्यांऐवजी आता मोठ्या काचा आणि मागे झाडी-पाण्याची मोकळी जागा आहे. प्राणी दिसायला वेळ लागतो, आणि ते त्याच्या दृष्टीनं चांगलंच आहे. समोर पाच मिनिटं गप्प उभे राहा.

पाणघोडा आणि मगर वाटेत लागतील. पक्ष्यांचा जो उंच पिंजरा आहे तो मात्र चुकवू नका. त्यात पक्षी आत आणि आपण बाहेर असं नाही, आपणच आत शिरून पुलावरून चालतो आणि पक्षी डोक्यावरून जातात. टोपी घाला म्हटलं होतं, ते यासाठीही.

६. साडेअकरा ते एक: ज्यासाठी ही बाग केली, ती झाडं

बहुतेक मार्गदर्शक इथे दोन ओळींत आटपतात. मी आटपणार नाही.

पश्चिम भारताच्या कृषी-उद्यानविद्या संस्थेची बाग आधी शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली, म्हणून माझगाव-भायखळ्याकडे नवी बाग उभी राहिली आणि १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. पुढे १८७३ साली ती नगरपालिकेच्या ताब्यात आली. प्राण्यांसाठी जागा जोडली गेली ती त्याही नंतर, १८९० च्या सुमारास. म्हणजे जगभरची झाडं आणून मुंबईच्या हवेत ती रुजतात का हे बघणं, हे इथलं मूळ काम. आज इथे सुमारे तीन हजार झाडं आहेत, २८० हून जास्त जातींची. २००७ च्या सुमारास इथे परदेशी धर्तीचं मोठं प्राणिसंग्रहालय करायचा घाट घातला गेला, तेव्हा काही नागरिक, त्यातही मुख्यत्वे बायका, या झाडांसाठी वर्षानुवर्षं भांडल्या. आज आपण ज्या सावलीतून चालतो ती त्यांची कमाई आहे.

बऱ्याच झाडांवर नावाच्या पाट्या आहेत. नसतील तिथे माळीकाकांना विचारा. ते कामात नसतील तर पाटीपेक्षा जास्त सांगतात. निदान एवढी तरी शोधा:

गोरखचिंच. आफ्रिकेतून अरबी व्यापाऱ्यांबरोबर कधीतरी आपल्या किनाऱ्यावर आलेलं झाड. खोड एवढं जाड की पाच-सहा जणांनी हात धरून कडं करावं. साल राखाडी, सुरकुतलेली, हत्तीच्या पायाशी थेट नातं सांगणारी. वर्षातले बरेच महिने पानंच नसतात, त्यामुळे लोक ते वाळलंय समजतात.

कैलासपती. याची फुलं फांद्यांच्या टोकाला येत नाहीत. थेट खोडातून दोरखंडासारखे देठ लोंबतात आणि त्यांवर फुलतात. खाली पडलेलं एक ताजं फूल उचला, झाडावरचं तोडू नका. जाड, मेणचट, गुलाबी-केशरी पाकळ्या. मध्ये एका बाजूने वळून आलेली पुंकेसरांची फडी आणि तिच्या छायेत छोटासा गोल उंचवटा. पिंडीवर नागानं फणा धरावा तसं हुबेहूब. वास गोड, थोडा जड. आणि त्याच झाडाचे तोफगोळ्याएवढे तपकिरी फळ फुटलं की जी दुर्गंधी सुटते, तीही एकदा अनुभवा. पण त्या झाडाखाली बाक मांडून बसू नका. फळं खरोखरच पडतात.

उर्वशी. मूळ म्यानमारची. फुलायच्या दिवसांत, थंडी सरता सरता, लालबुंद फुलांचे लांब घोस छताच्या झुंबरांसारखे खाली सुटलेले असतात आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. मुंबईत हे झाड फार थोड्या ठिकाणी आहे. झाडांची आवड असलेली मंडळी फक्त हिच्यासाठी इथे चकरा मारतात. न फुलताही दिसली तर तिची कोवळी पानं बघा, ती चक्क मरगळल्यासारखी, तपकिरी-गुलाबी लोंबत असतात आणि काही दिवसांनी हिरवी होऊन ताठ उभी राहतात.

याशिवाय सीता अशोक, मुचकुंद, ताम्हण आहेतच. ताम्हण तर आपलं राज्यफूल, एप्रिल-मेमध्ये जांभळं होतं. सीता अशोक बघताना एक लक्षात ठेवा. सोसायट्यांच्या कंपाउंडला जो उंच, सरळसोट "अशोक" लावतात तो हा नव्हे. खरा अशोक डेरेदार असतो आणि शेंदरी फुलांचे गुच्छ अंगाला चिकटून येतात.

चालता चालता उंच झाडांकडे बघत राहा. फांद्यांवर उलटी टांगलेली काळी वटवाघळं दिसतील, भर दुपारी एकमेकांशी कचकच भांडणारी. त्यांना कोणी आणून ठेवलेलं नाही, ती स्वतःहून राहतात. पोरांना पिंजऱ्यातल्या बिबट्यापेक्षा हीच जास्त आवडतात, असा माझा अनुभव आहे.

इथेच पांढरं, खांबांचं, ग्रीक देवळासारखं एक बांधकाम आणि काचघराची जुनी वास्तू आहे. देवळाला लेडी फ्रिअरचं, म्हणजे तेव्हाच्या मुंबईच्या गव्हर्नरच्या बायकोचं, नाव आहे. हिच्याच हस्ते बाग खुली झाली.

७. जेवण

आत उपाहारगृह आहे. पोट भरतं, आठवण राहत नाही. चहा-वडा तिथे घ्या आणि जेवणासाठी बाहेर पडा. भायखळ्यात इराणी हॉटेलं अजून तग धरून आहेत, स्टेशनच्या बाजूला थाळीची साधी हॉटेलंही आहेत. लहान मुलं पेंगायला लागली असतील तर इथून घर गाठायलाही हरकत नाही, आणि उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. पण मोठ्यांनी मात्र पुढचा टप्पा सोडू नये.

८. अडीच ते साडेचार: डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय

दुपारची उन्हाची वेळ म्युझियमसाठी. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा उघडं असतं आणि तिकीट साडेपाचपर्यंत मिळतं. तिकीट अगदी किरकोळ असतं.

डॉ. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. महारोगावर औषध शोधत होते आणि त्याच वेळी प्राचीन शिलालेखही वाचत होते. मुंबईचे नगरपाल दोनदा झाले. जगन्नाथ शंकरशेट आणि ते, दोघांनी हे म्युझियम उभं राहावं म्हणून लोकांकडून पैसे जमवले. त्याचा पहिला संग्रह फोर्टातल्या बराकींत होता. १८५७ च्या उठावात सैन्याला जागा हवी झाली आणि वस्तू अक्षरशः बाहेर फेकल्या गेल्या. मग नव्यानं सुरुवात करून २ मे १८७२ रोजी आजची इमारत लोकांसाठी खुली झाली. तेव्हा नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं, भाऊ दाजींचं नाव १९७५ साली दिलं गेलं.

ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्यांनी शाळेच्या सहलीत हे म्युझियम बघितलं असेल त्यांना पोपडे उडालेल्या भिंती आणि धुळकट काचा आठवत असतील. ते विसरा. महापालिका, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशननं मिळून काही वर्षं काम केलं आणि २००८ साली ते पुन्हा उघडलं. हिरवट भिंती, सोन्याचा मुलामा दिलेली नक्षी, ओतीव लोखंडाचे खांब, पायाखाली विलायती फरशी. या कामाला २००५ सालीच युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

आत शिरल्यावर समोरच प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा. त्याच्या चौथऱ्यावर हिब्रू अक्षरं कोरलेली आहेत. डेव्हिड ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्यानं तो करून घेतला. बागेच्या दाराशी जो घड्याळाचा मनोरा पाहिलात, तोही त्याच्याच देणगीतला.

तळमजल्यावरचं बिदरी काम, हस्तिदंत, चांदीची भांडी, मातीकाम बघा. पण जास्त वेळ वरच्या मजल्याला द्या. मराठी माणसाला इथे जे बघायला मिळतं ते दुसरीकडे नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईतल्या जातीजमातींच्या, धंद्यांच्या मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत. प्रत्येकाची पगडी वेगळी, लुगडं नेसायची तऱ्हा वेगळी. जुने नकाशे आहेत, त्यांत सात बेटांमधलं पाणी भरत भरत शहर कसं एकसंध झालं ते कळतं. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना या बाहुल्यांपुढे उभं करा आणि कोणती पगडी कोणाची ते विचारा. पुढचा अर्धा तास तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

मोबाइलवर फोटो काढायचे तर आधी विचारा आणि फ्लॅश मारू नका.

९. साडेचारनंतर: दगडी हत्ती आणि निवृत्त पुतळे

म्युझियममधून थेट घरी जाणं ही सगळ्यात मोठी चूक. बाहेरच्या बाजूला उभा असलेला काळ्या दगडाचा हत्ती बघा. घारापुरी बेटावरचा हा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला "एलिफंटा" म्हटलं ते याच्याचमुळे. १८६४ साली हा इंग्लंडला न्यायचा बेत झाला. उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्ती खाली पडून त्याचे तुकडे झाले. मग इंग्लंड राहिलं बाजूला, तुकडे या बागेत आले आणि १९१४ साली जुळवून पुन्हा हत्ती उभा केला. जवळ जाऊन अंगावरच्या जोडरेषा शोधा. मुलांना हे काम दिलं की ती रमतात.

त्याच परिसरात आणि मागच्या बाजूला शहरातून काढून आणलेले इंग्रजी अमलातले पुतळे आहेत. १९६५ साली ते चौकाचौकातून हलवले गेले. यातला घोड्यावरचा पुतळा म्हणजे खरा काळा घोडा. सातवा एडवर्ड राजपुत्र असताना मुंबईत येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससूननं दिलेला आणि १८७९ साली उभारलेला. त्याच्यावरून ज्या भागाला काळा घोडा म्हणतात तिथे आज जो बिनस्वाराचा घोडा दिसतो, तो २०१७ सालचा नवा. फोर्टात काळा घोडा महोत्सवाला जाणाऱ्या दहांतल्या नवांना मूळ घोडा भायखळ्यात आहे हे माहीत नसतं.

आणि संगमरवरी व्हिक्टोरिया राणी. हा पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला, १८७२ साली फोर्टात बसवलेला. याच राणीला १८९६ साली चापेकर बंधूंनी डांबर फासलं आणि जोड्यांची माळ घातली. पुढे डाग काढता काढता नामी लोक थकले, शेवटी प्रोफेसर गज्जर या रसायनतज्ज्ञानं ते काढले. रँडच्या वधाआधीची ही गोष्ट. ज्यांनी चापेकरांचं नाव फक्त पाठ्यपुस्तकात वाचलंय त्यांनी या पुतळ्यासमोर दोन मिनिटं जरूर थांबावं. चौथरा उंच नाही, माणूस अगदी समोर उभा राहू शकतो.

पुतळ्यांवर चढून फोटो काढणारी पोरं दिसतात. तुमची असतील तर उतरवा.

१०. परतताना

पाच ते आठ या वेळेत भायखळ्याहून कल्याणच्या दिशेची जलद गाडी मुलं आणि म्हाताऱ्यांसोबत पकडायचा विचार करू नका. ती सीएसएमटीहूनच भरून येते. दोन पर्याय आहेत. एक, उलट दिशेची गाडी धरून सीएसएमटीला जा आणि तिथून बसून या. दुसरा, आणि मला जास्त आवडणारा, म्हणजे आंबेडकर रस्त्यानं तसंच पुढे लालबागला जा. बस आहे, चालतही जाता येतं. चिवडा गल्लीत पोह्यांचा, मक्याचा, नायलॉनचा असा तऱ्हेतऱ्हेचा चिवडा डोळ्यांसमोर कढईतून निघत असतो आणि चव घेऊन मगच घ्या, दुकानदार हातावर चिमूट ठेवतातच. मिरची मसाला दळून घ्यायचा असेल तर मसाल्याची गल्लीही तिथेच आहे, पण उन्हाळ्यात तिथे जाताना नाकाला रुमाल धरा. तिथून मग करी रोड किंवा चिंचपोकळी स्टेशन जवळ पडतं. या दोन्ही स्टेशनांवर फक्त धीम्या गाड्या थांबतात. दादरला उतरून जलद गाडीत शिरण्यापेक्षा बसायला मिळालं असेल तर धीमीच चालू द्या.